तीस तुकड्यांचा ट्रक, आपटला तरी चालणारा

"माझा नातू सव्वाचार वर्षांचा आहे. लेगोसारख्या ठोकळ्यांच्या गाड्यांचं त्याला वेड. मुलाने त्याच्यासाठी तीनशेच्या वर तुकड्यांचा ट्रक आणला. पुस्तिका बघून मी तो जोडून दिला. नातवाने फरशीवरून ढकलला, सोफ्याच्या पायाला धडकवला, आणि चाकं एकीकडे, टप एकीकडे. तीन-चार वेळा असंच झालं. आता तो ठोकळ्यांना हात लावत नाही, 'आजोबा, तुम्हीच लावा' म्हणतो. सांधे फेविक्विकने पक्के करावेत का? त्याच्या वयाला कशा गाड्या कराव्यात, तुकडे किती लागतील? घरात सव्वा वर्षाची नातही आहे, ती दिसेल ते तोंडात घालते. दिवसभर दोघं आमच्याकडेच असतात." – एक आजोबा, सातारा

आजोबा, नमस्कार.

फेविक्विक लावू नका. चिकटवलेला सांधा एक-दोन धडका सोसेल, पण मग तडकेल. तडकला की खुंटीभोवती, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याभोवती, त्या रसायनाचा कडक पापुद्रा राहतो आणि तो ठोकळा पुन्हा कुठेच नीट बसत नाही. शिवाय चिकटवलेली गाडी मोडली तर नातवाला ती स्वतः कधीच जोडता येणार नाही, आणि तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट तीच आहे. ट्रक तुटला याचं फार वाटून घेऊ नका. त्याने हात लावणं सोडलं, याचा विचार करायला हवा. या वयाच्या मुलाला न मोडणारी गाडी लागत नाही. मोडली तर दोन-तीन मोठ्या भागांत मोडेल आणि ते भाग त्याचे त्याला परत बसवता येतील, अशी गाडी लागते.

तीनशे तुकड्यांचा ट्रक का टिकला नाही ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. अशा संचांमधल्या बऱ्याच गाड्या दिसायला हुबेहूब असाव्यात म्हणून आखलेल्या असतात. आरसा एका खुंटीवर, दिवा एका खुंटीवर, टप चार कोपऱ्यांतल्या चार बारीक खांबांवर. शेल्फवर ठेवायला त्या उत्तम. मूल मात्र गाडी तीन प्रकारे वापरतं: मागून तळवा लावून दाबत ढकलतं, टपाला धरून उचलतं आणि कशावर तरी आपटतं. ठोकळ्यांचा सांधा या तिन्हींना सारखा तोंड देत नाही. आडव्या धक्क्याला तो फार पक्का असतो, कारण वरचा ठोकळा सरकायचा म्हणजे खुंट्याच आडव्या येतात. सरळ वर ओढलं तर बेताचा धरतो. एका कडेने उचकटलं तर मात्र लगेच सुटतो, कारण तेव्हा एका वेळी एकाच रांगेवर जोर येतो. ठोकळे सोडवायचं अवजार याच युक्तीवर चालतं. मूल टपाला धरून गाडी उचलतं तेव्हा नकळत तेच करत असतं.

म्हणून पहिला निर्णय घ्या: टप नको. उघडा ट्रक, उघडी जीप, ट्रॅक्टर, रोड रोलर करा. बस हवीच असेल तर ती आतून भरीव करा, पोकळ नको. टप काढून टाकला की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

दुसरा निर्णय चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा. गाडीची सगळी ताकद चासीत असते आणि तिथे गवंड्याचा नियम जसाच्या तसा लागू पडतो: सांध्यावर सांधा येता कामा नये. घरातल्या डब्यात पातळ पट्ट्या कमी आणि २×४ चे, म्हणजे दोन रांगांत चार-चार खुंट्यांचे, साधे ठोकळे जास्त असतात असं धरून त्यांचीच चासी सांगतो. माप लक्षात असू द्या. नेहमीच्या लहान ठोकळ्यांत दोन खुंट्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. तीन पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याची उंची होते. आपला ट्रक ४ खुंट्या रुंद आणि १२ खुंट्या लांब, म्हणजे साधारण सव्वातीन सेंटिमीटर बाय साडेनऊ सेंटिमीटर. सव्वाचार वर्षांच्या मुठीत तो बरोबर मावतो. पुढून मागे खुंट्यांच्या आडव्या रांगांना १ ते १२ असे आकडे देऊ.

खालच्या थरात २×४ चे सहा ठोकळे लांबीच्या दिशेने लावा, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. आता सांधे कुठे आले ते बघा: ४ आणि ५ च्या मध्ये, ८ आणि ९ च्या मध्ये, शिवाय लांबीभर मधोमध एक. वरच्या थरात ठोकळे आडवे टाकायचे, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींना बांधली जाईल. इथेच बहुतेक जण चुकतात. १-२ वर पहिला आडवा ठोकळा, ३-४ वर दुसरा, ५-६ वर तिसरा असे सरळ टाकत गेलं की वरचे सांधेही ४ आणि ८ नंतरच येतात, खालच्या सांध्यांच्या अगदी डोक्यावर. अशी चासी हातात घट्ट वाटते, पण पहिल्या धडकेत तिचे सरळ तीन तुकडे होतात. उपाय इतकाच की एका रांगेने सरकवा. रांग १ वर १×४ चा अरुंद ठोकळा आडवा लावा. मग २×४ चे पाच ठोकळे आडवे: २-३, ४-५, ६-७, ८-९, १०-११. शेवटी रांग १२ वर पुन्हा १×४. आता ४-५ वरचा आणि ८-९ वरचा ठोकळा खालच्या दोन्ही सांध्यांवर पूल टाकून बसले. १×४ नसेल तर तिथे १×२ चे दोन शेजारी शेजारी चालतील. टोकाला असल्यामुळे फारसा फरक पडत नाही.

ही चासी एकाच रंगाची ठेवा, रंग कोणताही चालेल. ते शोभेसाठी सांगत नाही. नातवाला ठरवून सांगता येतं: "निळं आहे ते मोडायचं नाही, बाकी सगळं काढायचं-लावायचं." सव्वाचार वर्षांचं मूल आकृती वाचायच्या आधी रंग वाचतं.

ठोकळे दाबताना चासी जमिनीवर ठेवून वरून तळव्याने दाबा, हातात अधांतरी धरून नको. दोन थरांच्या मध्ये कागद शिरेल एवढी फट दिसली तर तो ठोकळा बसलेला नाही. गाडी 'आपोआप' मोडते असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं. मुलांच्या बोटांत शेवटचा तो जोर नसतो, तेव्हा त्याने लावलं की तुम्ही एकदा दाबून घ्या. त्याच्यासमोरच दाबा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

केबिन पुढच्या चार रांगांवर. पहिला थर २×४ चे दोन आडवे, दुसरा थर दोन उभे म्हणजे लांबीच्या दिशेने, तिसरा पुन्हा दोन आडवे. एकूण सहा ठोकळे, आतून भरीव. तिसऱ्या थरातला पुढचा ठोकळा उतरता मिळाला तर तो लावा, काचेसारखा दिसतो. याच्यावर चौथा थर चढवू नका. गाडी चार खुंट्याच रुंद आहे. उंची वाढली की वळवताना कलंडते आणि कलंडताना केबिन उचकटते. केबिन भरीव का, याचं उत्तर मुलाच्या हातात आहे: तो गाडी तिथेच धरणार. ड्रायव्हर बसवायचा हट्ट असेल तर तो केबिनच्या मागे हौद्यात, सहाव्या-सातव्या रांगेवर उघड्यावर उभा करा.

हौदा मागच्या आठ रांगांवर. दोन्ही कडांना १×८ चा एकेक ठोकळा, मागे दोन्हींच्या मध्ये १×२ चा एक. १×८ नसतील तर प्रत्येक बाजूला १×४ चे दोन. त्यांचा सांधा ८ आणि ९ च्या मध्ये येईल आणि तिथे खाली चासीचा पूल आहेच, त्यामुळे चालेल. भिंत एकच थर ठेवा. एका खुंटीच्या रुंदीची उंच भिंत बोट अडकलं तरी लवंडते. आतली जागा दोन खुंट्या रुंद राहते, त्यात २×२ चे ठोकळे माल म्हणून छान बसतात. शेंगदाणे, वाटाणे, राजमा असला माल भरायला देऊ नका. मोठा तो सांडणार आणि धाकटी उचलणार.

आता चाकं. तुमच्या पत्रात चाकं निघाल्याचा उल्लेख सगळ्यात आधी आहे, म्हणून यावर थोडं जास्त. तीनशे तुकड्यांच्या संचात बहुधा दोन्ही बाजूंना पिना असलेल्या २×२ च्या पट्ट्या असतील, पिनेवर चाक दाबून बसतं. अशा दोन पट्ट्या आणि चार चाकं घ्या. पट्टी थेट चासीला लावलीत तर टायर वरच्या ठोकळ्याला घासतो, चाक फिरत नाही, मूल जोर लावतं आणि अख्खी पट्टी उपटून येते. दोष चाकाचा वाटतो, पण असतो घासण्याचा. म्हणून चासीच्या खाली आधी २×४ ची एक साधी पातळ पट्टी मधोमध, लांबीच्या दिशेने लावा, पुढे रांग १ ते ४ च्या खाली आणि मागे ९ ते १२ च्या खाली. ती डाव्या-उजव्या दोन्ही ठोकळ्यांना धरते, त्यामुळे चासीही आणखी पक्की होते. तिच्याखाली चाकाची पट्टी, पुढे रांग २-३ आणि मागे १०-११ वर. टायर मोठे असतील तर अशा दोन पट्ट्या एकावर एक. गाडी उलटी करून प्रत्येक चाकाला टिचकी मारा. दोन-तीन फेरे मोकळं फिरलं पाहिजे.

आता मोजा: चासीचे १३, केबिनचे ६, हौद्याचे ३, खालच्या पट्ट्या २, चाकांच्या पट्ट्या २ आणि चाकं ४. टायर चाकावरच धरला तर बरोबर तीस. यातले २×४ चे ठोकळे १७.

चाकांची पट्टी चारच खुंट्यांवर लटकते, हा या ट्रकचा कच्चा दुवा राहणारच. पैसे खर्चायचे असतील तर इथे खर्चा. चाकांसकट एकसंध पाया मिळतो, मोठी लांबट चासी आणि तिला चाकं. लहान मुलांच्या संचांमध्ये असा पाया मुद्दाम देतात. लेगो कंपनीच्या डब्यावर वयाच्या जागी '४+' लिहिलेले संच याच विचाराचे असतात: तुकडे थोडे, मोठे, आणि गाडी असेल तर बहुधा तयार पाया. तो मिळाला तर वर सांगितलेल्या चासीचा फक्त वरचा थर लावा, बाकी ट्रक तसाच.

फरशीचाही विचार करा. गुळगुळीत टाइल्सवर रबरी टायर नसलेली कडक चाकं फिरत नाहीत, नुसती घसरतात. जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत बारीक चाकं अडकतात आणि गाडी नाकावर पडते. सांधे खोल असतील तर डब्यातली सगळ्यात मोठी चाकं निवडा किंवा सतरंजी अंथरून तिच्यावर खेळू द्या.

गाडी तयार झाली की नातवाच्या हाती देण्याआधी चार गोष्टी करून बघा. फक्त केबिनला धरून उचला. मग फक्त मागच्या टोकाला धरून उचला. उलटी करून हलकेच हलवा. आणि सतरंजीवर गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. जे सुटेल तिथे खाली सांध्यावर सांधा आलाय का, ठोकळा पूर्ण बसलाय का, एवढंच तपासा. हौद्याची भिंत किंवा चाक निघालं तर ठीक आहे, ते नातू लावेल. चासी दुभंगली तर मात्र थर चुकलाय.

आणि आता नातवाकडून ती करून घेण्याबद्दल. तुम्ही जोडून दिलं आणि त्याने मोडलं, या क्रमामुळे त्याच्या मनात पक्कं बसलंय की जोडणं हे आजोबांचं काम. क्रम उलटा करा. पहिल्या दिवशी ट्रक तुम्ही तयार ठेवा आणि त्याला सांगा, आज आपल्याला हा मोडायचाय. हौद्याच्या भिंती त्याला काढू द्या, मग परत लावू द्या. पुढच्या दिवशी केबिनही. जोडण्याच्या आधी मोडणं आलं की भीती जाते. चासी अगदी शेवटी शिकवा. ती शिकवताना एका ताटात फक्त एका थराचे ठोकळे काढून ठेवा. तीस तुकडे एकदम समोर पडले की तो गोंधळेल, सहा असले की गोंधळणार नाही. शेजारी तुम्ही तुमचा ट्रक करा, एक ठोकळा तुम्ही, एक तो. पुस्तिकेतली चित्रं त्याला अजून जड जातात, कारण त्यात तिरकस कोनातून काढलेली वस्तू मनात फिरवून बघावी लागते. समोरची गाडी बघून तशीच करणं त्याला जमतं.

खेळताना गाडी मोडली तर "तोडलीस ना!" हे शब्द नकोत. "कुठून सुटली बघू?" असं विचारा. त्याने बोट दाखवलं की अर्धं काम झालं. सुटलेला भाग उचलून त्याच्या हातात द्या, स्वतः लावू नका. त्याने केबिन उलटी लावली, मागे लावली, तरी लावू द्या. चाकं फिरतायत ना, मग तो ट्रकच आहे.

घट्ट बसलेले तुकडे दातांनी सोडवायची सवय मुलांना पटकन लागते. दातही दुखावतात आणि खुंटीही चेपते. दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या असतील तर वरच्या पट्टीच्या एका टोकाला एक ठोकळा वरून लावा, खालच्या पट्टीला त्याच टोकाला एक ठोकळा खालून लावा. हे दोन ठोकळे मुठीसारखे धरून उचकटा, लगेच सुटतात.

आता नात. इथे मात्र मी आग्रहाने सांगतो, कारण यात चालढकल चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान तुकडा कोणता हे ठरवायला एक ठरावीक नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. जो तुकडा न दाबता त्या नळीत पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, असं धरतात. ही नळी तुम्हाला घरी करता येते. जाड कागदाची ११ सेंटिमीटर लांब, साडेपाच सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, लांबीत एक सेंटिमीटर एकावर एक घेऊन चिकटवा. परीघ १० सेंटिमीटर, म्हणजे व्यास जवळपास तेवढाच. आता २×४ चा साधा ठोकळा तिच्यात उभा सोडून बघा. सहज जातो. म्हणजे आपल्या ट्रकचे ठोकळे, चाकं, टायर, झाडून सगळे नातीसाठी धोक्याचे. तुकडा थोडा मोठा, थोडा लहान यावर वाद घालत बसायचं कारणच नाही. नात तीन वर्षांची होईपर्यंत लहान ठोकळे तिच्या हाताला लागता कामा नयेत.

रोजच्या व्यवहारात हे असं जमवा. लहान ठोकळ्यांचा डबा झाकणाचा आणि कपाटाच्या वरच्या खणात. खेळ नात झोपलेली असताना, किंवा जेवणाच्या टेबलावर. जमिनीवर खेळायचंच असेल तर जुनी चादर अंथरून तिच्यावरच. खेळ संपला की चारही टोकं उचलून सगळं डब्यात ओतायचं, मग सोफ्याखाली एखादं चाक राहत नाही. डबा बंद करण्याआधी टायर मोजा, ट्रकचे चार. हे मोजायचं काम नातवाला द्या, त्याला ते आवडेल.

नातीसाठी मोठे ठोकळे वेगळे घ्या. लेगो कंपनीने हल्लीच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ साली घेतलं, चाकं आली १९६२ साली, आणि लहानग्यांसाठी डुप्लो हा मोठा ठोकळा १९६९ साली. डुप्लो लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत साध्या ठोकळ्याच्या दुप्पट असतो, म्हणजे आकारमानाने आठपट. त्याचा २×४ चा ठोकळा ६४ मिलिमीटर लांब, ३२ रुंद. ही मापं अशी जुळवलेली आहेत की लेगोचा लहान ठोकळा डुप्लोच्या खुंट्यांवर बसतो. म्हणजे आज घेतलेला मोठा संच उद्या वाया जात नाही. याच धर्तीचे मोठे ठोकळे दुसऱ्या कंपन्यांचेही मिळतात. डुप्लोवर वय दीड वर्षापासून पुढे असं लिहिलेलं असतं, तेव्हा नातीला अजून काही महिने तुम्ही शेजारी बसूनच खेळवा.

मोठ्या ठोकळ्यांची गाडी पाच तुकड्यांची. २×६ चा चाकांचा पाया. पहिल्या थरात पुढे २×४, मागे २×२. दुसऱ्या थरात पुढे २×२, मागे २×४. सांध्यावर सांधा येणं आपोआप टळलं. दोनच थर. नातीला मात्र सुरुवातीला फक्त पाया आणि त्याच्यावर एक ठोकळा द्या. ती तो काढेल, आपटेल, चाटेल, त्या वयात खेळ तोच असतो. पायाची चाकं ओढून बघा, ती निघता कामा नयेत. गाडीला दोरी बांधून ओढायला देणार असाल तर दोरी वीतभरापेक्षा लांब नको, गळ्याभोवती गुंडाळली जाण्याची भीती असते. या मोठ्या गाडीशी नातूही खेळेल, खेळू द्या. दोघांना एकत्र बसवायचं असेल तेव्हा हीच काढायची.

दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या गाड्या घरात असतील तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते आजच बघा. नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते. नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा, वाट बघू नका.

नवीन ठोकळे घेताना डब्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. दुकानात नमुना उघडा असेल तर दोन ठोकळे जोडून वरचा धरून हलवा. खालचा पडला तर तो संच घेऊ नका. आणि जोडलेले सोडवायला तुम्हालाच नख तुटेपर्यंत जोर लागत असेल तर नातवाला ते कधीच सुटणार नाहीत. निरनिराळ्या कंपन्यांचे ठोकळे दिसायला सारखे असले तरी मापात केसाएवढा फरक असतो. पकड सगळी त्या मापावरच आहे, त्यामुळे मिसळलेले ठोकळे कुठे ढिले, कुठे फार घट्ट बसतात. घरात मिसळ झालीच असेल तर चासी एकाच कंपनीच्या ठोकळ्यांची करा, बाकीचे केबिनला आणि मालाला. विकत घेताना चित्रातल्या गाडीला भुलू नका. साधे २×४, २×२ आणि भरपूर चाकं असलेला डबा तुम्हाला चार वर्षं पुरेल.

तीनशे तुकड्यांचा तो ट्रक टाकून देऊ नका. त्यातली चाकं, टायर, मोठ्या पट्ट्या आणि उतरते ठोकळे आपल्या ट्रकला काढून घ्या. आरसे, दिवे, एक खुंटीचे बारीक तुकडे पुस्तिकेसकट एका डब्यात बंद करून ठेवा. नातू सात-आठ वर्षांचा झाला की तो संच त्याचा त्याला लावता येईल.

देखभाल थोडीच. चाक अडखळायला लागलं की ते पिनेवरून काढा. पिनेभोवती केस आणि धाग्यांचा गुंता सापडेल, तो चिमट्याने काढा. तेल घालू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. धुवायचे असतील तर कोमट पाणी, ४० अंशांच्या आतलं, आणि हाताने. उकळतं पाणी, वॉशिंग मशीन, केस वाळवायचा ड्रायर, काहीच नको. उष्णतेने माप बिघडतं आणि पकड जाते. नेलपॉलिश काढायचं द्रव्य आणि थिनर तर जवळही नको, हे प्लास्टिक त्यात विरघळतं. धुतल्यावर खुंट्या वर, पोकळ बाजू खाली ठेवून सावलीत निथळू द्या.

ट्रक महिनाभर रुळला की त्याच चासीवर रोड रोलर, पाण्याचा टँकर असं काहीही करता येईल. फक्त केबिनमागचे तुकडे बदलायचे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची घाई मात्र करू नका. जोडाचा आकडा एका खुंटीवर असतो आणि तो पहिल्याच वळणाला सुटतो. करायचीच असेल तर आकडा ज्या पट्टीला आहे ती निदान २×४ ची घ्या आणि चासीच्या दोन थरांच्या मध्ये दाबून बसवा. त्या रांगांमध्ये उंची एका पट्टीने वाढेल, म्हणून उरलेल्या रांगांवरही तेवढ्याच जाडीची पट्टी टाकावी लागेल.